फूग म्हणजे फुगणं

सरलाबाईंचं गुजराती बाजारापुरतं होतं. वांग्यांचा भाव पाडायचा, रिक्षावाल्याशी हुज्जत घालायची, नळाला पाणी का नाही म्हणून शेजारच्या गुजरातणीला विचारायचं, एवढ्या भांडवलावर त्यांनी सुरतेत अर्धं आयुष्य काढलं होतं. गोडादऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत पुढंमागं सगळी खानदेशातलीच घरं. अहिराणीत भांडावं, अहिराणीत रडावं आणि बाकीचं जग चेतननं सांभाळावं. चेतन म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, पलसाण्याच्या रंगाई मिलमध्ये पाळीवर जाणारा. आपल्याला गुजराती येत नाही असं सरलाबाईंना कधी वाटलंच नाही. उलट चांगलं येतं असंच त्या समजत, आणि सगळा घोळ त्यातून झाला.

लग्नाला वर्ष होतं न होतं तोच त्यांच्या सुनेला, धनश्रीला, रक्ताचा कॅन्सर निघाला. ट्रस्टच्या दवाखान्यात औषधांची पहिली मोठी फेरी झाली, आणि घरी सोडताना डॉक्टर वशींनी सरलाबाईंना बाजूला घेतलं. चेतन तेव्हा औषधांच्या खिडकीशी रांगेत उभा होता.

"माजी," डॉक्टर म्हणाले, "दवाथी एना सफेद कण बहु ओछा थई जशे. जेटला वधारे दिवस ओछा रहेशे, एटलो फूग लागवानो डर वधारे. ध्यान राखजो. अने ताव आवे तो सीधा अहीं."

सरलाबाईंनी मान डोलावली. सफेद कण ओछा, म्हणजे रक्तातले पांढरे कण कमी होणार, आणि जितके जास्त दिवस कमी राहतील तितका धोका जास्त. ताव म्हणजे ताप, हे पोरंसोरंही सांगतील. आणि फूग? त्यात न कळण्यासारखं काय होतं! फूग म्हणजे फुगणं. अंगावर सूज येणं. त्यांच्या धाकट्या जाऊबाई गेल्या त्या अशाच फुगून. आधी पाय, मग तोंड, मग डोळे उघडेनात.

आता गुजरातीत फूग म्हणजे बुरशी. लोणच्यावर चढते ती, शिळ्या पावावर येते ती. डॉक्टर बिचारे सांगत होते ते असं, की ही बुरशी ओल्या भिंतीवर, साठवणीच्या धान्यात, हवेत, सगळीकडे असते. तुमच्याआमच्या छातीत गेली तर तिला कोणी जगू देत नाही. पण पांढऱ्या पेशी नसलेल्या माणसाच्या फुफ्फुसात ती मूळ धरते. कोणाला धरेल आणि कोणाला सोडेल हे आधी ओळखणं महाकठीण. छातीच्या फोटोत दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. एवढं सगळं त्या एका शब्दात होतं, आणि सरलाबाई भलताच शब्द घेऊन घरी आल्या.

"काय बोलले डॉक्टर?" चेतननं विचारलं.

"सूज येऊ देवानी नही," त्या म्हणाल्या. "ताप उना तर लगेच आनानं. बाकी मी शे ना."

धनश्रीला त्यांनी काहीच सांगितलं नाही. पोरगी आधीच केस गेल्यानं अर्धी झालेली, तिला आणखी कशाला भिववायचं?

पण सूज ओळखायची कशी? सुरुवातीची सूज डोळ्यांना दिसत नाही, हे जाऊबाईंच्या वेळी त्यांनी पाहिलं होतं. मग त्यांना बांगडी आठवली. पहिल्यांदा दवाखान्यात भरती केलं तेव्हा सुई लावायला नर्सनं धनश्रीचा लग्नातला हिरवा चुडा उतरवायला सांगितला होता. "तोडी नाखो," असं ती सहज बोलून गेली आणि सरलाबाई तिच्यावर अशा तडकल्या की सगळा वॉर्ड बघायला लागला. सवाष्णीची बांगडी तुटत नाही आणि फुटतही नाही, ती वाढते. वाढली म्हणावं, वाढवली म्हणावं. शेवटी साबण लावून त्यांनी स्वतः एकेक बांगडी काढली. काही वाढल्याच, हातात अडकून. एक तेवढी सबंध राहिली, ती त्यांनी पदराच्या गाठीत बांधून ठेवली होती.

तीच आता माप झाली. रोज सकाळी अंघोळ करून, बांगडी डेटॉलच्या पाण्यात बुडवून, त्या धनश्रीच्या खाटेशी बसत.

"हात दे वं पोरी."

धनश्री हात पुढं करी. सरलाबाई तिची बोटं जुळवून हलकेच बांगडी वर सारत. बांगडी सांध्यांवरून सुळकन् मनगटात जाई, आणि सोडली तर तशीच घरंगळत कोपरापर्यंत.

"फुगनी नही," त्या स्वतःशीच पुटपुटत आणि बांगडी काढून पुन्हा गाठीत बांधत. सूज नाही याचा आनंद होई. पण बांगडी कोपराकडे घरंगळली की त्या दिवशी पोरीच्या ताटात तूप जरा जास्तच पडे, तेही खरं होतं.

एवढ्यावर थांबतील तर त्या सरलाबाई कसल्या! फुगणारं काहीही पोरीच्या पोटात जायला नको, असा त्यांनी फतवा काढला. हरभरे बंद, वाटाणे बंद, साबुदाणा बंद. ज्वारीची भाकरी तव्यावर टम्म फुगली की उलथन्याच्या टोकानं तिला भोसकायचं, वाफ जाऊ द्यायची, वरून दाबून सपाट करायची आणि मग ताटात वाढायची. समोरच्या घरात नातवाच्या वाढदिवसाला फुगे लावले होते, तिकडेही त्यांनी दोन दिवस संशयानं पाहिलं.

धनश्री सगळं मुकाट्यानं खाई. ती बारडोलीची. तिचे वडील साखर कारखान्यात कामाला, आई ती लहान असतानाच गेलेली. शाळा गुजराती, मैत्रिणी गुजराती, घरी मात्र अहिराणी. सासूला ती आत्याबाई म्हणे. रोज सकाळी बांगडी वर चढताना ती सासूच्या तोंडाकडे बघत राही आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू येई. एकदा तिनं काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. सरलाबाईंना वाटलं, तोंड आलंय, दुखत असेल. त्यांनी लगेच तूप आणलं.

श्रावणात सुरतेची हवा अशी असते की मीठ बरणीतच पाझरतं. गल्लीत पाणी साचून गेलेलं, भिंती खालून ओलावलेल्या. एका दुपारी धनश्रीला हुडहुडी भरली. ताप नव्हता, नुसतीच थंडी. घरातल्या चादरी एवढ्याशा, सुताच्या. सरलाबाईंनी खाटेखालची लोखंडी पेटी ओढली आणि तळातली गोधडी बाहेर काढली. ही गोधडी त्यांनी स्वतः शिवली होती. आत त्यांच्या आईची दोन लुगडी होती, वर लग्नातला त्यांचा शालू. त्या ती कोणाला म्हणून देत नसत. चेतननं एकदा मित्राला निजायला मागितली तर त्याला त्यांनी चार गोष्टी सुनावल्या होत्या.

गोधडीला कुबट वास येत होता. पेटीच्या तळाला पाणी लागलं असावं, कारण एका कडेला काळपट ठिपके होते आणि वर पांढुरका बुरा. आता ऊन कुठून आणायचं? सरलाबाईंनी खाटेशी उभं राहून गोधडी दोन्ही हातांनी फडाफडा झटकली. खिडकीतून येणाऱ्या उजेडात धूळ तरंगत राहिली. धनश्रीनं तोंड भिंतीकडे केलं आणि पदर नाकाशी धरला.

"हाई पांघर," सरलाबाई तिच्या अंगावर गोधडी घालत म्हणाल्या. पायाशी खोचली, खांद्याशी खोचली, मानेशी नीट केली. "मनी मायना लुगडा शेतस येमा. तिनी ऊब शे ही."

धनश्रीनं गोधडीची कड मुठीत धरली. मग भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाली, "भलती ऊब शे, आत्याबाई."

तिचा आवाज भरून आला होता. सरलाबाईंना वाटलं, पोरीला माहेर आठवलं.

ताप आला तो पुढच्याच आठवड्यात. चेतननं रिक्षा आणली आणि तिला सरळ दवाखान्यात नेलं. पेशी अगदीच तळाला गेल्या होत्या, त्या वर यायचं नाव घेत नव्हत्या. सलाइनमधून जंतूंवरची औषधं सुरू झाली. एक बदलून दुसरं झालं. ताप दुपारी उतरल्यासारखा करी आणि दिवेलागणीला पुन्हा चढे. छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ होता. डॉक्टर वशी तो उजेडाला धरून उभे राहत, खाली ठेवत आणि पुन्हा उचलत.

सरलाबाई मात्र आपल्या कामात चुकत नव्हत्या. वॉर्डातही रोज सकाळी गाठ सुटत होती. डाव्या हाताला सुई, म्हणून बांगडी उजव्या हातात.

अशाच एका सकाळी डॉक्टर आले. कपाळावर आठ्या होत्या. त्यांनी सरलाबाईंना व्हरांड्यात बोलावलं आणि हिंदी-गुजरातीची खिचडी करून, सावकाश विचारलं, "माजी, याद करके बोलो. घर में कहीं फूग थी? इसको फूग लगी हो, ऐसा कुछ?"

"नही साहेब!" सरलाबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "फूग बिलकुल नही. मैं रोज देखती."

"रोज? कैसे देखती?"

सरलाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि हिरवी बांगडी त्यांच्यासमोर धरली. हातानं करून दाखवलं, ती कशी आत जाते ते. "आज भी देखा. सुळकन् गया. फुगनीच नही."

डॉक्टर आधी बांगडीकडे आणि मग त्यांच्याकडे बघत राहिले. दुसरा एखादा डॉक्टर हसला असता किंवा खेकसला असता. हा माणूस भला होता. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, व्हरांड्याच्या टोकाला पावसानं ओल धरलेली भिंत होती, तिथं सरलाबाईंना नेलं आणि कोपऱ्यातल्या काळ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"आ," ते म्हणाले. "माजी, आने फूग कहेवाय."

सरलाबाईंनी ठिपके पाहिले. हे ठिपके त्यांनी पाहिले होते. गोधडीच्या कडेला, असेच. त्यांनी स्वतःच्या दोन्ही हातांनी ती फडाफडा झटकली होती, पोरीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर.

त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. रडू आलं नाही. घरी पळून जावं, पेटीला कुलूप लावावं आणि कोणाला काही सांगू नये, असं क्षणभर मनात आलं. चेतनला काय तोंड दाखवायचं? पण डॉक्टर उकिडवे बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि आत पोरगी तापानं फणफणत होती. सरलाबाईंनी सांगितलं. मोडक्या हिंदीत, जिथं शब्द नव्हता तिथं हातवारे करून. पेटी कशी ओढली, वास कसा येत होता, बुरा कसा होता आणि गोधडी कशी झटकली, काहीएक न झाकता सांगितलं.

डॉक्टर उभे राहिले. त्यांच्या आठ्या गेल्या नव्हत्या, पण चेहऱ्यावरची ती घालमेल थांबली होती.

"सफेद कण ओछा, ते पण घणा दिवसथी," ते जणू स्वतःलाच सांगत होते. "ताव उतरतो नथी. अने हवे आ गोदडी. फोटोमां देखाय एनी राह नथी जोवी. आजे ज शरू करीए."

फोटोत डाग दिसायची वाट न बघता बुरशीवरचं औषध आजच सुरू करायचं, असं त्यांनी ठरवलं. ते औषध जालीम होतं. त्यानं थंडी भरून हाडं खिळखिळी होत, मूत्रपिंडं बिघडत. उगाच कोणाला द्यावं असं नव्हे. म्हणूनच डॉक्टर इतके दिवस अडले होते. सरलाबाई आत गेल्या.

धनश्रीचे डोळे अर्धवट उघडे होते. सरलाबाई खाटेशी बसल्या आणि कसंबसं म्हणाल्या, "पोरी, फूग म्हणजे फुगणं नही वं."

"माले माहीत शे," धनश्री म्हणाली.

"कधळपासून?"

"पहिलापासून. डॉक्टरनी माले बी सांगं व्हतं."

सरलाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. ते भिंतीकडे केलेलं तोंड, तो नाकाशी धरलेला पदर, ते उघडून मिटलेले ओठ, सगळं एकदम त्यांच्या ध्यानात आलं. "मंग काबर सांगं नही? गोधडी फेकी देती! मना तोंडवर फेकती!"

धनश्रीनं कोरडे ओठ जिभेनं ओले केले. "माय गई तैपासून माले कोन्ही पांघरूण घालं नही, आत्याबाई. पायजोडे खोचं नही. तुम्ही घालं." ती थांबली, दम खाल्ला. "माले नको म्हणता उनं नही."

आता मात्र सरलाबाईंचा बांध फुटला. त्या रडल्या आणि रडता रडताच चिडल्या, कारण माया फार झाली की त्यांना चिडायलाच येई. "मनी मायापायी मरशी का वं? अशी कशी येडी तू? आते सांगी ठेवस, जे नको ते नको म्हणानं! सासूना तोंडवर म्हणानं! म्हणशी का नही?"

"म्हणसू," धनश्री म्हणाली आणि त्यांचा अंगठा मुठीत धरून झोपी गेली.

औषध सुरू झालं. थंडीनं खाट हलायची. चेतन पाळी बदलून यायचा आणि पायाशी बसून राहायचा. गोधडीचं त्याला कळलं तेव्हा त्यानं आईकडे एकदाच पाहिलं आणि घरी जाऊन गोधडी जाळून आला.

बांगडी त्यांनी गाठीतच ठेवली होती. तिच्याकडे बघायचीही त्यांना लाज वाटत होती. सुई बघायला आलेल्या डॉक्टरांनीच विचारलं, "माजी, बंगडी क्यां छे?"

सरलाबाईंनी मान खाली घातली.

"नहीं, नहीं. काढो," डॉक्टर म्हणाले. "ये दवाई किडनी पर भारी है. किडनी थकेगी तो शरीर में सूजन आएगी. अब सच में फुगने का डर है." फुगने हा शब्द त्यांनी मुद्दाम सरलाबाईंचा घेतला. "हम खून जांचेंगे. आप बंगडी जांचो. रोज सवेरे मुझे बताना."

सरलाबाईंनी गाठ सोडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना पोटभर श्वास घेता आला.

रोज सकाळी डॉक्टर वॉर्डात शिरले की दारातूनच विचारत, "बंगडी?" आणि सरलाबाई सांगत, "गई साहेब!" एका सकाळी ती सांध्याशी थोडी अडली. सरलाबाई धावतच डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी धनश्रीच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला, खळगा पडला. सूज होती. दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला, त्यानंही तेच सांगितलं. औषध एक दिवस थांबवलं, मात्रा कमी केली. बांगडीनं डॉक्टरांना काही शिकवलं असं मुळीच नाही, रिपोर्ट येणारच होता. पण सरलाबाईंना त्या दिवशी जेवण गेलं, एवढं खरं.

मग एका संध्याकाळी दिवे लागले तरी ताप चढला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. पेशी हळूहळू वर यायला लागल्या. छातीच्या पुढच्या फोटोत एक लहानसा डाग दिसला, डॉक्टरांनी तो सरलाबाईंनाही दाखवला. फूग लागली होती, पण आटोक्यात होती. औषध वेळेवर पोचलं होतं.

घरी परतल्यावर पहिल्याच जेवणाला सरलाबाईंनी सवयीनं भाकरीला उलथन्याचं टोक लावलं आणि दाबून सपाट करून ताटात वाढली. धनश्रीनं ताट पुढं सरकवलं.

"नको."

सरलाबाई दचकल्या. "काय व्हयनं?"

"दपटेल भाकर नको. माले फुगेल द्या."

चेतनला आधी कळेना, मग तो इतका हसला की त्याला ठसका लागला. सरलाबाईंनी दुसरी भाकरी थापली. ती टम्म फुगली, आणि तशीच वाफाळती त्यांनी पोरीच्या ताटात ठेवली. नको म्हणायला शिकली एकदाची, असं म्हणत त्यांनी डोळे पुसले.

पुढं औषधांच्या फेऱ्या झाल्या, दवाखान्याच्या वाऱ्या झाल्या. गोडादऱ्यातल्या घराच्या भिंतींना चेतननं चुना मारला. लोखंडी पेटी विटांवर चढली. आणि सकाळची बांगडी चालूच राहिली. आता तिचं काही काम नाही, हे दोघींनाही माहीत होतं. पण हात पुढं झाल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे.

उन्हाळा लागता लागता धनश्रीच्या डोक्यावर बोटभर केस आले. एका सकाळी सरलाबाईंनी नेहमीसारखी बोटं जुळवली, बांगडी सारली, आणि ती सांध्याशी अडली. पुढं जाईना. त्यांनी नडगीवर अंगठा दाबला. खळगा नाही. दुसऱ्या पायावर दाबला. नाही. घोट्याशी दाबला. अंगठा उचलला की कातडी तशीच घट्ट, वर आलेली.

सूज नव्हती. पोरीनं अंग धरलं होतं.

"जाई, आत्याबाई, जाई," धनश्री हसत म्हणाली आणि तिनंच दुसऱ्या हातानं बांगडी रेटली. बारीकसा आवाज झाला आणि हिरव्या काचेचे दोन तुकडे चादरीवर पडले.

लग्नाच्या चुड्यातली ती शेवटची बांगडी होती. धनश्रीनं घाबरून सासूकडे पाहिलं. सवाष्णीचा चुडा, आणि तोही आजारातून उठलेल्या पोरीचा, म्हणजे सरलाबाई आता देवापुढं बसणार, नवस बोलणार, घर डोक्यावर घेणार.

सरलाबाईंनी तुकडे उचलून तळहातावर घेतले. मग पोरीचं मनगट हातात धरून, ते भरलेलं, गुबगुबीत मनगट दाबून दाबून बघितलं.

"फुगनी वं," त्या म्हणाल्या. "फुगनी मनी पोर."

चेतन पाळीवरून येऊन दारात चपला काढत होता. आईच्या तळहातावरची काच बघून त्यानं विचारलं, "काय फुटलं?"

"फुटलं म्हणू नये रे," सरलाबाई ओरडल्या, आणि त्यांना रडू आणि हसू एकदमच आलं. "वाढली. बांगडी वाढली."